आप्पांच्या पावलांनी फाटा

आमचे आप्पा मोजणी खात्यात साखळी ओढायचे. मोजणीदार सावलीत कागद धरून उभा, आणि आप्पा कणकुंबीच्या रानात कंबरभर गवतातून साखळी घेऊन पुढं. लहानपणी एकदा मी विचारलं, "आप्पा, आपला ओढा किती लांब?" ते हसले.

"कशानं मोजतीस त्याच्यावर हाय बघ. लांब साखळीनं मोजलास तर कमी भरतोय. वीतभर काठीनं मोज, हर एक वळणात शिरावं लागतंय, मग लई भरतोय."

त्या उत्तराच्या नादानंच मी ऐंशी सालानंतर गणितात संशोधन करायला पुण्याला गेले. कागदाचे शेकडो त्रिकोण, चिठ्ठ्या टाकून, जसे येतील तसे एकमेकांना चिकटवायचे आणि त्या वेड्यावाकड्या पृष्ठभागावर दोन ठिकाणांमधली सगळ्यांत जवळची वाट शोधायची, हे माझं काम. त्यात एक गंमत दिसली. कुठल्याही कोपऱ्यातून निघा, एका ठिकाणी जाणाऱ्या जवळच्या वाटा मुक्कामाच्या आधीच एकमेकींत मिसळतात. सुट्टीत मोठ्या तोऱ्यात आप्पांना सांगितलं, तर म्हणाले, "ह्यात नवीन काय गं? सगळ्या पायवाटा येशीवर एकच हुत्यात." मला असा राग आला होता!

मग आईनं मास्तरांकडून लिहवून घेतलेलं कार्ड आलं. आप्पांचा दमा वाढलाय, डॉक्टरांनी आशा सोडलीय, सारखं तुझं नाव घेतात. शनिवारी दुपारच्या गाडीनं येते, असं मी लगेच कळवलं. निपाणी, संकेश्वर, बेळगाव, प्रत्येक स्टँडवर गाडी थांबली की जीव नुसता वर-खाली व्हायचा. एकदा आप्पांना डोळ्यांनी बघायचं होतं मला, एवढंच.

गावाचा रस्ता फाट्यावरून डोंगराला वळसा घालून जातो. फाट्याच्या अलीकडूनच फुटणारी रानातली पायवाट निम्म्यानं जवळची. येणाऱ्याला आणायला फाट्यावर जायचं, ही आमच्या घरची रीत, आणि आप्पांनी ती कधी चुकवली नव्हती. पण अंथरुणाला खिळलेला माणूस कुठला येतोय! आणि आलेच, तर फार तर वेशीपर्यंत; दोन्ही वाटा तिथंच एक होतात, गाठ पडेलच. असा हिशेब करून मी कंडक्टरला सांगून फाट्याच्या अलीकडंच उतरले. शहाणी!

घरात अंथरूण रिकामं. आई दारात येऊन माझ्या मागं बघत राहिली.

"एकटीच? आणि ते? सकाळीच गेल्यात फाट्यावर. पोर दुपारी येणार, मला चालाय येळ लागतोय, म्हणाले. माझं ऐकत्यात व्हय!"

मी मोठ्या रस्त्यानं धावत सुटले. आप्पा फाट्यावरच्या दगडी कट्ट्यावर आडवे होते. चहावाल्यानं अंगावर आपला टॉवेल घातला होता. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती.

"गाडी आली, तुम्ही न्हाय उतरला. उठून एकेका खिडकीत बघितलं त्यांनी. 'फुडच्या गाडीला असंल' म्हणाले आणि बसले. मग बसल्याजागीच..."

बैलगाडीतून त्यांना घरी नेताना वाटेवरची माणसं सांगत होती. हितं मोरीवर बसलेले. हितं फणसाखाली. हितं परत. हितं पाणी मागितलेलं. दहा-दहा पावलांवर बसत, आप्पांना तो तीन मैलांचा रस्ता किती लांब भरला असेल?

पायवाटेनं माझा अर्धा तास वाचला होता.