हॅल्बरीची रिकामी बस

हॅल्बरीत कीथ एंटविसल हे नाव फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. पण ‘रोव्हर्सचा बसवाला’ म्हटलं की शाळेतली पोरंही बोट दाखवायची. बुटका, रुंद खांद्यांचा, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं, आणि चालणं असं की पायांखाली क्लच आणि ब्रेकच आहेत. चोवीस वर्षं त्याने हॅल्बरी रोव्हर्स या फुटबॉल क्लबची बस चालवली. क्लब तिसऱ्या विभागात गटांगळ्या खात होता तेव्हाही तोच, आणि वर चढला तेव्हाही तोच. या काळात सतरा मॅनेजर आले नि हाकलले गेले. खेळाडूंची तर गणतीच नको. कीथला कोणी हाकललं नाही, कारण तो आहे हेच कोणाच्या लक्षात नसायचं. चांगल्या ड्रायव्हरची खूण तीच, असं तो म्हणायचा आणि ते खोटंही नव्हतं.

तर त्या वर्षी रोव्हर्स लीगमध्ये सातवे आले आणि जन्मात पहिल्यांदा युरोपातल्या स्पर्धेत गेले. तीन स्पर्धा असतात, त्यातली सगळ्यात खालची. पण हॅल्बरीला ते कोण सांगणार? गिरणीच्या चिमणीवर झेंडा चढला. नव्या अमेरिकन मालकाच्या अंगात तर वारंच शिरलं. खेळाडूंच्या उन्हाळी बाजारात त्याने एकोणीस कोटी पौंड उधळले, नऊ नवे खेळाडू आणले. एकट्या माटेउस व्हालेंटेचे सहा कोटी वीस लाख. बावीस वर्षांचा पोर्तुगीज मुलगा, हनुवटीवर धड दाढी नाही. गावात दुसरा विषयच उरला नाही. कोणी म्हणे या पैशांत आपण करंडक आणणार, कोणी म्हणे नाताळपर्यंत दिवाळं निघणार. न्हाव्याकडे जा, दवाखान्यात जा, तेच.

बर्निस टॅटरसॉलचं मत सगळ्यात वेगळं होतं, आणि ते तिला कोणी विचारावं लागत नसे. बर्निस म्हणजे क्लबाची कपडेवाली. जर्सी, मोजे, बूट, सगळं तिच्या ताब्यात. वय छप्पन्न, जीभ धारदार.

"नऊ जण नवे आणलेत," ती म्हणायची, "एकाला बाही लांब हवी, एकाला मोजे कापून हवेत, एकाला दुसऱ्याच्या शेजारची खुंटीसुद्धा नको. यांना एकमेकांची नावं येईस्तोवर आपण युरोपातून बाहेर पडलेलो असू. लिहून ठेव."

"उपांत्य फेरी," कीथ म्हणायचा. "तू बघच."

"तू बस चालव, राजा. भविष्य माझ्यावर सोड."

आता बसची गंमत सांगतो. युरोपातल्या सामन्याला संघ जातो विमानाने. पण विमानतळावर उतरल्यावर परक्या बसमध्ये बसायचं नाही! आपलीच बस हवी, आपापली जागा हवी, आपलंच कॉफीचं मशीन हवं. म्हणून बस तीन दिवस आधी रिकामी निघते, समुद्र ओलांडते, तीन-चार देश तुडवते आणि विमानतळाच्या दारात उभी राहते. कशाला? तर तासाभराच्या रस्त्याला. वेडेपणा म्हणा हवं तर. सगळे मोठे क्लब हेच करतात आणि आता हॅल्बरी मोठी झाली होती.

या रिकाम्या फेरीची कीथ चोवीस वर्षं वाट बघत होता. दुसऱ्या क्लबांचे ड्रायव्हर थांब्यावर भेटले की आल्प्सच्या बोगद्यांच्या गोष्टी सांगायचे, हा चहा ढवळत ऐकायचा आणि म्हणायचा, "हो का?" घरी येऊन नकाशा उघडायचा. पासष्टी पुढच्या वसंतात होती. त्यानंतर बसच्या लायसन्सला दरवर्षी डॉक्टरांचा शिक्का. शिवाय मालकाची माणसं बस कंत्राटदाराला द्यायच्या गोष्टी करत होती, ते निराळंच. म्हणजे हा एकच हिवाळा होता. गेला तर गेला.

आणि नेमका त्याच ऑगस्टमध्ये तो चष्म्याचा नंबर तपासायला गेला. दुकानातली शाझिया हुसेन तरुण होती, त्याच्याच गल्लीच्या टोकाला लहानाची मोठी झालेली. तिने दिवा लावून दोन्ही डोळे पाहिले, पुन्हा पाहिले.

"मिस्टर एंटविसल, मोतीबिंदू आहे. उजव्यात जास्त."

"पण वाचलं ना मी सगळं?"

"वाचलंत. कायद्यात आज बसताय, अगदी काठावर. पण समोरून ऊन आलं की तुम्हाला काही म्हणजे काही दिसणार नाही. ऑपरेशन वीस मिनिटांचं आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली तारीख मिळतेय, लगेच घेऊन टाका. आणि तोवर मोठी गाडी नको, ऐका माझं."

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात स्लोव्हेनियातल्या त्सेल्येला पहिला परदेशी सामना होता. ऑपरेशननंतर काही आठवडे बसला हात लावता येणार नव्हता. कीथने टोपी हातात फिरवली.

"जानेवारीचं बघा," तो म्हणाला.

घरी मॉरीनने विचारलं, काय म्हणाली ती? कीथ म्हणाला, थेंब दिलेत. सदतीस वर्षांच्या संसारात त्याने बायकोला सांगितलेलं हे काही पहिलं खोटं नव्हतं, पण याआधीची सगळी बिस्किटांबद्दलची होती.

ठरल्याप्रमाणे सोमवारी हल बंदरातून बोट धरली. बस, कीथ, बर्निस आणि कपड्यांच्या एकवीस पेट्या. हॉलंड, मग जर्मनी. वारा पडलेला, आभाळ भरलेलं, सावलीचा दिवस. कीथ असा चालवत होता की बर्निसने समोरच्या खाचेत ठेवलेला चहा हलेना. तो शीळ घालत होता. शाझियाची आठवण झाली की तो मनातल्या मनात म्हणे, बघ, काय झालंय मला? न्यूरेम्बर्गजवळ मुक्काम केला. मॉरीनला फोन करून त्याने रस्ता कसा तुळतुळीत आहे याचं अर्धा तास वर्णन केलं.

बुधवारी सकाळी मात्र लख्ख उजाडलं. म्युनिक मागे पडलं आणि रस्ता सरळ पूर्वेला वळला. सूर्य समोर, हातभर वर. काच दुधासारखी पांढरी झाली. कीथने वेग कमी केला, पडदी ओढली, मान तिरकी केली. डाव्या डोळ्याने पुढच्या ट्रकची मागची बाजू तेवढी दिसत होती. ती धरून तो जात राहिला. पुढे कुठे रस्त्याचं काम चालू होतं, नारिंगी शंकू लावलेले. बस त्यांच्या कडेने सरकली.

"अरे देवा!" बर्निस ओरडली. मग मागे वळून पाहत म्हणाली, "केवढं घाबरवलंस त्या नारिंगी कपड्यांतल्या माणसाला! उडी मारली बिचाऱ्याने. इतक्या जवळून घ्यायची काय गरज होती?"

कीथ म्हणाला, "कोणत्या माणसाला?"

बर्निस त्याच्याकडे बघतच राहिली. चेष्टा करतोय असं तिला आधी वाटलं. मग त्याच्या हातांकडे तिचं लक्ष गेलं. स्टिअरिंगच्या चाकावरची बोटं पांढरी पडली होती.

पुढच्या थांब्यावर त्याने बस उभी केली, इंजिन बंद केलं. मग सगळं सांगितलं. शाझिया, ऑक्टोबरची तारीख, जानेवारी, थेंब.

बर्निसच्या तोंडून आधी तीन-चार शिव्या बाहेर पडल्या. त्या इथे लिहीत नाही. मग ती म्हणाली, "मॉरीनला माहितेय?"

"नाही."

"वा! म्हणजे मीच एकटी भाग्यवान. पुढच्या काचेसमोर बसवलंस मला नवरीसारखी, आणि गाडी चालवतोय कोण, तर आंधळा! तो माणूस मेला असता ना रे, कीथ."

"हो."

"कोणाचा तरी बाप असेल."

"हो म्हटलं ना."

ती खाली उतरली, सिगारेट ओढली, परत आली. आवाज जरा खाली आला होता. "आता काय करणार आहेस?"

कीथला एक वाट दिसत होती आणि ती फार सोपी होती. दुपारपर्यंत इथेच थांबायचं. सूर्य डोक्यावर गेला की पुढे निघायचं. उद्या संघ दुपारी उतरणार, विमानतळावरून त्सेल्ये तासाभराचा रस्ता, भर उजेडातला. परतताना ढग असतीलच. कोणाला काही कळणार नाही. बर्निस तोंडाची फटकळ असली तरी चहाडखोर नव्हती. तिने ‘ठरव तू’ म्हटलं असतं आणि गप्प बसली असती. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

गावातले लोक त्याला चिडवायचे, "कीथ, जपून रे बाबा, एकोणीस कोटींचा माल नेतोस!" तोही हसायचा. तिथे बसल्या बसल्या त्याला कोटी काही आठवेनात. आठवली व्हालेंटेची आई. ऑगस्टमध्ये ती मुलाला पोचवायला आली होती. ठेंगणी, काळ्या कोटातली बाई, इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. मालक, मॅनेजर, फोटोवाले सगळ्यांना ओलांडून ती बसपाशी आली होती. कीथचा हात तिने दोन्ही हातांत धरला, मुलाकडे बोट दाखवलं, मग चाकाकडे, आणि कितीतरी वेळ काहीतरी बोलत राहिली. कीथने नुसती मान डोलावली होती. कशाला मान डोलावतोय हे त्याला तेव्हाही नीट कळलं होतं.

त्याने फोन काढला आणि क्लबाच्या प्रवासाचं बघणाऱ्या अ‍ॅलिस्टरला लावला.

अ‍ॅलिस्टर पस्तिशीचा, नव्या मालकाबरोबर आलेला. ऐकून घेतलं.

"हे तुम्हाला आज सांगावंसं वाटलं?" तो म्हणाला.

"आज कळलं मला. म्हणजे, कळलं होतं आधीच. मानलं आज."

"परत येतानाही तुम्ही चालवणार नाही."

"नाही."

"आणि लायसन्सच्या कचेरीला तुम्ही स्वतः कळवायचं, याच आठवड्यात. बाकीचं हॅल्बरीला आल्यावर बोलू."

बाकीचं काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. कंत्राटदाराची माणसं दारातच उभी होती, त्यांना एवढं निमित्त पुरे होतं. कीथने फोन ठेवला आणि पाठोपाठ मॉरीनला लावला. तो फोन अ‍ॅलिस्टरच्या फोनपेक्षा खूप कठीण गेला.

साल्झबर्गच्या एका कंपनीने दुपारी ड्रायव्हर पाठवली. वाल्ट्राउड नावाची धिप्पाड बाई, पन्नाशीची. तिने बसला एक चक्कर मारली, टायर दाबून पाहिले, आसन मागे सरकवलं. चोवीस वर्षांत ते आसन कोणी सरकवलं नव्हतं. कीथला ते बघवेना, पण तिचा हात बघून घ्यायला म्हणून तो शेजारीच बसला. पहिल्या वळणालाच त्याला कळलं की बाईला काम येतं. त्यामुळे त्याला बरंही वाटलं आणि वाईटही. आल्प्सचा तो मोठा बोगदा त्याने पाहिला खरा, पण शेजारच्या घडीच्या आसनावरून.

दुसऱ्या दिवशी दुपारी विमान उतरलं. कीथ नेहमीसारखा दाराशी उभा राहिला, टाय लावून. खेळाडू येत गेले, कानांत यंत्रं, डोक्यावर टोप्या. कोणी "हाय" म्हटलं, कोणी नाही. चाकामागे दुसरं कोणी आहे हे एकाच्याही लक्षात आलं नाही. पुढच्या रांगा प्रशिक्षकांच्या, तिथे जागा नव्हती. म्हणून बर्निसने त्याला मागे ओढलं, स्वतःच्या शेजारी, खेळाडूंच्या मधोमध.

चालत्या बसच्या मागच्या भागात तो आयुष्यात पहिल्यांदा बसत होता. त्याच्या आरशात नेहमी फक्त पुढच्या दोन रांगा दिसायच्या. तिथले प्रशिक्षक मांडीवर संगणक घेऊन कायम जागे, कायम वाद घालत. मागून आवाज येत नसे, तेव्हा पोरं फोनमध्ये डोकं खुपसून बसली असतील, असं तो धरून चालला होता.

गाव मागे पडलं, हिरव्या टेकड्या सुरू झाल्या. कीथने सहज मान वळवली. व्हालेंटे काचेला डोकं टेकून झोपला होता, तोंड उघडं. त्याच्या पलीकडचा उंच गोलरक्षक झोपला होता. मागचे दोघे एकमेकांच्या खांद्यावर. शेवटच्या रांगेपर्यंत एकजात सगळे, एकोणीस कोटींचे आणि फुकटातले, बुटांच्या नाड्या सोडून, हात मांडीत घेऊन, बिनघोर.

"हे असे झोपतात?" त्याने हळूच विचारलं.

"नेहमी," बर्निस म्हणाली. "बस हलली की दहा मिनिटांत. पूर्वीचेही झोपायचे, आत्ताचेही झोपतात. तुला कोणी सांगितलं नाही?"

कोणीच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं कोणाला वाटलंच नसणार. चोवीस वर्षं, दर आठवड्याला, पाऊस असो बर्फ असो, माणसं त्याच्या पाठीमागे डोळे मिटून घेत होती. कालचा तो नारिंगी कपड्यांतला माणूस त्याने पाहिला नव्हता. हे सगळे मात्र आता त्याला अगदी स्पष्ट दिसत होते, एकेक चेहरा.

बर्निसने त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. बाहेर त्सेल्येचा किल्ला दिसू लागला तेव्हा पुढच्या रांगेतलं कोणीतरी ‘तो बघा’ म्हणालं. कीथने पाहिलं नाही. तो उरलेला सगळा रस्ता मागे तोंड करूनच बसला.