काम व्हायच्या आधी फेडलेला नवस

मागच्या शनिवारी मी मारुतीचा नवस फेडला. शेताच्या धुऱ्यावर गोवऱ्या पेटल्या, त्या निखाऱ्यात कणकेचे गोल रोडगे भाजले, वांग्याची भाजी रटरटली आणि अर्धं गाव जेवून गेलं. आणि ज्या कामासाठी नवस बोलले होते, ते काम अजून झालेलंच नाही! होईल की नाही हेही कुणाला माहीत नाही. असा उलटा नवस आमच्या घाटंजीकडे कुणी फेडल्याचं ऐकिवात नाही. पण आनंद पोटात मावेनासा झालाय, म्हणून लिहायला बसले.

आधी दुखणं सांगते. लहानपणी पोलिओ झाला आणि डावा पाय बारीक राहिला. मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर बांधून चालते. लग्न झालं नाही, धाकट्या भावाच्या घरी राहते. अपंगांना सरकारकडून महिन्याला जे पैसे मिळतात, त्यांना आमच्याकडे पगार म्हणतात. त्या पगारातून मी घरचं तेल आणते, साखर आणते, भाचीच्या वह्या घेते. माझी ताठ मान त्याच पैशांवर उभी होती, असं मी समजत आले.

मध्यंतरी फोनवर बातम्या फिरू लागल्या. नियम बदलणार, सगळ्यांची पुन्हा तपासणी होणार, अपंगत्वाचे टक्के कमी निघाले की पगार बंद. खरं काय, खोटं काय, कुणी धड सांगेना. माझ्या तोंडचं पाणी पळालं. फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. पगारच गेला तर भावाच्या घरी कोणत्या तोंडाने राहायचं? मी मनाशी ठरवून टाकलं की वेळ आली तर आश्रमात जायचं, पण कुणावर ओझं व्हायचं नाही. भावजयीला तसं बोलूनही दाखवलं. ती भाकरी थापत होती. तिने भाकरी तव्यावर आपटली, आणि त्या आपटण्याचा मी माझ्या भीतीप्रमाणे अर्थ लावला.

तपासणीला यवतमाळला बोलावणं आलं, तशी मी मारुतीपुढे जाऊन उभी राहिले. पोरवयापासून ज्याला 'माझा पाय बरा कर' म्हणत आले, त्यालाच हात जोडून म्हणाले, "देवा, पाय बिलकूल सुधारू देऊ नको. टक्के टिकले तर रोडगे करीन." तेव्हा त्यात काही वावगंसुद्धा वाटलं नाही. वर म्हाताऱ्या शेजारणीने अक्कल शिकवली, "कॅलिपर घालून टकाटका चालत गेली तं डॉक्टर म्हणन, हिले काय झालं? घरीच ठेव." मी ठेवलं.

यवतमाळच्या दवाखान्यात पोचले तर तिथे माणसांचा समुद्र. काठ्या, कुबड्या, तीनचाकी सायकली, आयांच्या कडेवरची लेकरं. भाऊ झेरॉक्स काढायला गेला आणि मी भिंतीला धरून रांगेत राहिले. कॅलिपरशिवाय किती वेळ तग धरणार? पाय लटपटायला लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खाली जाणार, तोच कुणीतरी माझा दंड घट्ट पकडला. चाकाच्या खुर्चीत बसलेली बुरख्यातली एक बाई होती, माझ्याच वयाची. तिने नवऱ्याला हुकूम सोडला, "तुम इसकी जगा खडे रहो," आणि मला आपल्याजवळ पायरीवर बसवलं.

पाणी पाजून झाल्यावर तिने विचारलं, "इत्ता कायको डरी? क्या मांगके आई घर से?"

कोण कुठली बाई, पण मी सगळं ओकून टाकलं. पाय सुधारू देऊ नको म्हणून देवाला साकडं घातलं, कॅलिपर लपवून आले, सगळं. ती माझ्याकडे बघतच राहिली आणि मग अशी खदाखदा हसली की तिची खुर्ची हलायला लागली. "अरे, मैं भी येइच मांगके आई!"

आमच्या मागे एका हाताने थोटे असलेले काका होते. ते लाजत म्हणाले, "मी बी देवीले तेच सांगून आलो." त्यांच्या पलीकडचे आंधळे गृहस्थ कान देऊन ऐकत होते. ते गंभीरपणे म्हणाले, "मी तं काल म्हटलं, बाप्पा, डोळे द्याचेच असन तं उद्या संध्याकाळनंतर दे."

झालं! सगळी रांग फुटली. पोट धरधरून हसलो आम्ही. सकाळपासून जे चेहरे सुतकी होते, ते एकमेकांना टाळ्या देऊ लागले. ती बाई डोळे पुसत म्हणाली, "उसकी क्या हालत हुई होयेंगी! जिंदगीभर पांव दे, पांव दे, और आज बोलते मत दे. छोड बहन, अब उसको सोचने दे."

ते शब्द कानावर पडले आणि माझ्या छातीवरचा धोंडा खरोखर कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. याला चमत्कार म्हणायचं की नाही, ते मला ठाऊक नाही. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला आणि मनात म्हणाले, 'मारुतीराया, तू बघ.' त्या बाईचं नाव विचारायचंही सुचलं नाही. मी तपासून बाहेर आले, तोवर नवरा-बायको निघून गेले होते.

आत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रोज अशाच चालता का?" मी सरळ सांगितलं, "नाही. भीतीपोटी कॅलिपर घरी ठेवलं." त्या हसल्या. म्हणाल्या, "अहो, आम्ही पाय मोजतो, कॅलिपर नाही. उगाच पडला असतात की!" निकाल नंतर कळेल म्हणाल्या.

परतताना मोटारसायकलवर मी भावाच्या कानाशी ओरडले, "शनिवारी रोडगे करू!"

"काम झालं काय?"

"नाही ना!"

त्याने गाडीच थांबवली. "ताई, ऊन लागलं काय तुले?"

पण शनिवारी रोडगे झालेच. पंगतीत म्हातारी शेजारीण मोठ्याने म्हणाली, "काम झालं वाटते, पोरी?" मी म्हटलं, "नाही वो मावशे. निरोपच नाही आला."

"मंग रोडगे कायचे? अन् पगार बंदच झाला तं?"

सगळे जेवायचे थांबले. इतके दिवस जो प्रश्न मी मनात कोंडला होता, तो अर्ध्या गावासमोर येऊन पडला. भावजय भाजीची बादली घेऊन वाढत होती. ती ताडकन म्हणाली, "बंद झाला तं झाला! पण बाई, पुन्हा त्या आश्रमाचं नाव काढलं ना, तं तंगडी मोडून ठेवीन तुमची!"

बोलून गेली आणि तिचं तिलाच कळलं. हात तोंडाकडे गेला, डोळे भरले.

मी म्हटलं, "मोड व माय, मोड! टक्के तरी वाढतीन!"

मग काय हसली ती पंगत! भावजय हसता हसता रडायला लागली, बादली खाली ठेवून माझ्याजवळच मातीत बसली आणि माझा हात सोडायला तयार होईना. भाऊ पाठ करून चुलीशी गेला आणि धुरामुळे डोळे चुरचुरतात म्हणाला.

निकाल अजून आलेला नाही. फोन वाजला की अजूनही धस्स होतं, खोटं कशाला बोलू? पण मी टक्के मागत होते ते या घरात राहता यावं म्हणून, आणि घर तर देवाने केव्हाच देऊन ठेवलं होतं. आता मारुतीपुढे उभी राहते, हात जोडते आणि काही मागायचं आठवतच नाही.