अंगठ्याखालचं बटण

जाम गावच्या चौकात रत्नदीप मेकॅनिकच्या दुकानासमोर प्रेमदासनं झाडं कापायची मशीन खाली ठेवली. "बंद करायचं बटण बिघडलं. बदलून दे."

"काय करते?"

"कधी सुरूच होत नाई, कधी बंद होत नाई. आपल्या मर्जीची झाली."

"माह्या साळ्यावर गेली म्हणा!"

प्रेमदास हसला नाही. परवा बोरगाव मेघेला पडलेल्या कडुनिंबाचे तुकडे करताना ओंडका कलंडला. पलीकडून धरून बसलेला हरिदास ओरडला, "बंद कर!" रेस सोडली तरी या जुन्या मशीनची चेन रेंगाळत फिरत राहते, बटणाशिवाय ती थांबत नाही. प्रेमदासनं बटण दाबलं, चेन फिरतच राहिली. हरिदासची पँट गुडघ्यापर्यंत फाटली. कातडी तेवढी वाचली. हरिदास त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार. तेव्हापासून प्रेमदासला जेवण गोड लागत नव्हतं.

रत्नदीपनं कव्हर खोललं. "भाऊ, हे काही जमत नाई. वायर तुटली तर मशीन बंद होत नाई. वायर बॉडीले टेकली तर सुरू होत नाई. एकच वायर दोन्ही खोड्या कशा करन?"

वायर सोडून त्यानं दोरी ओढली. प्लगवर निळी ठिणगी. वायर जोडून ओढली, तरी ठिणगी. बटण खाली केलं, ठिणगी गायब. वायर हलवली, वाकवली. काहीच फरक नाही.

"बटण तर चांगलं हाय," म्हणत त्यानं मशीन सुरू करून प्रेमदासच्या हातात दिली. "हाताकडं पाहू नका. तिकडं ट्रककडं पाहा अन् बंद करा."

प्रेमदासनं अंगठा दाबला. जोर लावून दाबला. मशीन घरघरतच होती.

"पाह्यलं?" तो जिंकल्यासारखा ओरडला.

रत्नदीप त्याच्या हाताकडं पाहत होता. प्रेमदासनंही खाली पाहिलं. अंगठा बटणाच्या शेजारी, नुसत्या प्लास्टिकवर रुतला होता.

रत्नदीपनंच मशीन बंद केली. सुरू करतानाही हा अंगठा असाच चुकत असणार.

कुऱ्हाड सोडून मशीन घेतली तेव्हा गावात प्रेमदासचा रुबाब होता. मग मशीनची थरथर सोसून सोसून थंडीत बोटं पांढरी पडू लागली, बधिर होऊ लागली. शर्टाची बटणं बायको, सुलोचना, लावून देऊ लागली. मागच्या महिन्यात त्यानं तापलेला तवा उचलला आणि कातडी जळाल्याचा वास आल्यावर तिनं ओरडून तो सोडायला लावला. "थंडीनं होते," तो म्हणाला होता. आता चौकात ऊन चांगलंच तापलं होतं.

"वर्ध्याले डॉक्टरले दाखवा," रत्नदीप हळूच म्हणाला. "तवर मोठं, लाल बटण लावून देऊ?"

"पाहूनच दाबाचं असन, तर तवर हरिदासचा पाय थांबन का?"

प्रेमदासच्या खिशातला फोन वाजला. त्याला तो नीट धरता येईना. रत्नदीपनं काढून त्याच्या कानाला लावला. ठेकेदार भैयाजी होते. "काय रे, सुधरली का मशीन? उद्या सकाळीच येजो."

"मशीन चांगली हाय, भैयाजी," प्रेमदास म्हणाला. "माणूस दुसरा पाहा."

"काऊन? काय झालं?"

प्रेमदासनं मान फिरवून कान फोनपासून दूर केला. पलीकडून भैयाजी "हॅलो, हॅलो" करत राहिले, मग फोन कटला.

रत्नदीपनं कव्हर लावलं, स्क्रू कसले, मशीन पुसली आणि त्याच्यापुढे सरकवली. प्रेमदासनं ती घेतली नाही. हात मांडीवर पालथे ठेवून तो तिथंच बसून राहिला.