पळून गेलो नव्हतो, पळायला गेलो होतो

मी पळायला लागलो ते एका कुत्र्यामुळं. लोकांना वाटतं डॉक्टरमुळं. पोराला वाटतं त्यानं आणलेल्या बुटांमुळं. वाटू द्या. कुत्रं काही हक्क सांगायला येणार नाही.

बायको माघात गेली. तेराव्याला पाहुणे जेवून गेले, मांडववाल्यानं आपली भांडी मोजून नेली आणि पोरानं मला लोह्याहून उचलून नांदेडला, विष्णुपुरीच्या रस्त्याला त्याचं घर आहे तिथं, आणून ठेवलं. ठेवलं हाच शब्द बरोबर आहे. टीव्हीसमोर खुर्ची, खुर्चीवर मी. भेटायला माणसं यायची, माझ्याकडं बघून च्च च्च करायची, चहा प्यायची आणि उठताना हमखास म्हणायची, "आता देवाचं नाव घ्या." जन्मभर मी लोहा-कंधार रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवली. बसतील त्याच्या दुप्पट माणसं कोंबून चालवली. देवाचं नाव घ्यायचं काम माझ्या गाडीत पॅसेंजरकडं होतं.

डॉक्टर म्हणाला, फिरत जा. फिरायला लागलो. फिरण्यात एक मोठी खोट आहे, ती डॉक्टरला माहीत नसते. पाय चालतात आणि डोकं रिकामं राहतं. रिकाम्या डोक्यात ती येऊन बसायची. बसायची कसली, चालायची. आमच्याकडं बाई नवऱ्याच्या मागं चालते. ही जन्मभर माझ्या पुढं चालली. डोक्यावर पाटी घेऊन शेतात पायी जाणारी बाई ती, आणि मी सीटवर बसून बसून पाय आखडलेला ड्रायव्हर. बाजारात जा, लग्नाला जा, ती पार पुढं. मग कुठंतरी थांबायची आणि मागं न बघताच म्हणायची, "चला की. हवा गेली काय?"

ड्रायव्हरच्या बायकोला शोभेल असं बोलायची. मला त्याचं कौतुक होतं, पण बोलून दाखवलं असतं तर आणखी पुढं गेली असती.

तर कुत्रं. चैत्रातली सकाळ, रसवंतीच्या गाड्यापाशी ते माझ्या मागं लागलं आणि मी पळालो. या वयात मी पळू शकतो हे मला, कुत्र्याला आणि रसवाल्याला एकदमच कळलं. लांब जाऊन गुडघ्यावर हात टेकले. इंजिन गरम, छातीत भाता. आणि तसाच वाकलेला असताना ध्यानात आलं की एवढा वेळ ती डोक्यात नव्हती. तिथं फक्त कुत्रं होतं. माघापासून पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम तिथूनच गेलो. कुत्रं गाड्याखाली झोपलेलं. खाकरलो, पाय आपटून बघितला. त्यानं एक डोळा उघडला आणि मिटला. म्हटलं मरू दे, कुत्र्याशिवाय पळू.

पोराला आनंद झाला. त्यानं बूट आणले, पोपटी रंगाचे. पायात दोन पोपट बांधून म्हातारा निघाला की रसवाला गाडा पुसायचा थांबायचा. आमच्यात वरीस सरेपर्यंत घरात नवं काही घेत नाहीत, पण पोरगा म्हणाला, बूट औषधात धरायचे. शिकलेल्या पोरांचा हा एक फायदा, त्यांच्याकडं सगळ्याला पळवाट असते.

त्या रस्त्याला सकाळी पळणारांची जत्राच असते. त्यांचं सामान बघितलं तर वाटावं माणूस काशीला निघालाय. दंडाला मोबाईल, कानात बोंडं, मनगटावर घड्याळ. एकजण चार दिवस दिसला नाही. विचारलं तर म्हणाला, "काका, घड्याळ बिघडलं होतं." म्हणजे पळत होतं ते घड्याळ, हा नुसता त्याला धरून होता. एकानं मला सांगितलं, आधी वॉर्मअप करा. मी थंडीत जीप धक्का मारून चालू केलेला माणूस, मला वॉर्मअप सांगतो. आणि एवढं पळून ही मंडळी जातात कुठं, तर पोहे-जिलबीच्या गाड्यावर. उतरवलेलं परत चढवून घरी.

उन्हाळ्यात नांदेडचा रस्ता पहाटेसुद्धा कालचं ऊन परत करत असतो. तरी गेलो. गळ्यात एक पांढरा टॉवेल असायचा, घाम पुसायला. तो तेराव्याला माझ्या मेव्हण्यानं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावानं, दिलेला होता. दुखवट्याचा टॉवेल-टोपी. टोपी पळताना पडते म्हणून ठेवून दिली.

पावसाळ्यात लेक मला हवापालट म्हणून लातूरला घेऊन गेली. लातुरात हवा एकच आहे, क्लासची. पहाटेपासून पोरं पाठीला दप्तरं लावून इकडून तिकडं. त्यांच्यात मी पळायला लागलो तर एका पोरीनं विचारलं, "आजोबा, कोणत्या बॅचला हाव?" गावाबाहेर पळावं तर काळी माती. चार पावलांत बुटाला अशी चिकटायची की पोपटांच्या म्हशी व्हायच्या. लेक मुकाट्यानं बूट धुवायची. एकदा म्हणाली, "आई असती तर म्हणली असती, हे काय खूळ."

म्हटलं, "तुझी आई असती तर ती पुढं गेली असती अन् मी रस पीत बसलो असतो."

हसली. मग मोरीत बराच वेळ पाणी सोडून बसली. त्या दिवशी बूट तेवढे मळलेले नव्हते.

अश्विनात परत नांदेडला आलो आणि तमाशा झाला.

लोह्याला मेव्हण्याच्या शेतात सोयाबीनची मळणी चालू होती. त्यानं सहज म्हणून माझ्या फोनवर फोन केला. मी बाहेर, फोन घरी. सूनबाईनं उचलला. ती म्हणाली, "मामा, नाना पळायला गेलेत." तिकडं मळणीयंत्र धडधडतंय आणि मेव्हण्याचा एक कान आधीच सुट्टीवर. त्याला ऐकू आलं, "नाना पळाले."

त्याची चूक नाही. आमच्या भागात पळायला काहीतरी कारण लागतं. चोर पळतो, सुटलेलं जनावर पळतं, नाहीतर लग्नाच्या आधी पोरगी पळते. बरं वाटावं म्हणून कुणी पळत नाही.

"कुठं?" त्यानं विचारलं.

"विष्णुपुरीकडं."

"एकलेच का कुणी संग?"

सूनबाई खरं बोलणारी. "शेजारच्या काकू असतात की कधीकधी."

शेजारच्या काकू म्हणजे रिटायर मास्तरीण. त्या पळत नाहीत, माझ्यासंग गेटपर्यंत येतात आणि तेवढ्यातच दोनदा थांबतात. पण हे फोनवर दिसत नाही. मेव्हण्यानं यंत्र बंद केलं. यंत्र बंद केल्यावर गडीमाणसांना कारण सांगावं लागतं. तिथून बातमी चहाच्या हॉटेलवर गेली आणि तिला पाय फुटले. लोह्यात मी काकूसंग पळालो होतो. कंधारला पोचेपर्यंत काकूचं वय बरंच कमी झालं होतं. मी एवढी वर्षं त्या रस्त्यावर जीप चालवली, मला कंधार गाठायला जास्त वेळ लागायचा.

मी घरी येऊन, अंघोळ करून भाकरी खात बसलो तर लातूरहून लेकीचा फोन. रडत होती. "नाना, कुठं हाव तुम्ही?"

"घरी. शेंगदाण्याची चटणी खाऊन राहिलो."

"खरं सांगा."

"वास देऊ का फोनातून?"

दुपारी दारात टेम्पो थांबला. त्यातून मेव्हणा आणि दोन जुने पाहुणे उतरले. अंगावर सोयाबीनचं भुसकट तसंच. घरात आले तर मी खुर्चीवर. एवढ्या लांबून माणसं धावत आली आणि पळून गेलेला माणूस जागेवरच सापडला, की त्यांची फार अडचण होते. रागाचं करायचं काय? मेव्हण्यानं इकडंतिकडं बघितलं आणि त्याला दोरीवर टॉवेल दिसला.

"दाजी, हे मी दिलेलं टावेल न्हवं?"

"हाव."

"दुखवट्याचं टावेल घामाला वापरून राहिले?"

"मग कशाला दिलं होतं? डोळे पुसायला? ते पाणी बी खारटच असतंय."

एका पाहुण्याला हसू आलं, त्यानं ते खोकल्यात घातलं. मेव्हणा मात्र खाली बसला. "बरं. पळून जाता तरी कुठं?"

"कुठं न्हाई. घरून निघतो, घरीच येतो."

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. "मग जाता कामून?"

या प्रश्नाला घड्याळवाल्यांकडंसुद्धा उत्तर नाही. मेव्हण्यानं निकाल देऊन टाकला: बहिणीचं वरीस झालेलं नाही, चार गावांत तोंड दाखवायची सोय राहिली नाही, वरीस सरेपर्यंत हे पळणं बंद. मग काय करायचं ते करा. पोरगा म्हणाला, "नाना, मामा म्हणतेत तर राहू द्या थोडे दिवस." औषधात धरलेले बूट त्यानं तिथंच माळ्यावर टाकले.

सकाळचा तो एवढासा वेळ गेला तर उरतो काय, खुर्ची. टीव्ही चालू, डोळे टीव्हीवर आणि स्वयंपाकघरात भांडं वाजलं की मान वळते. तिथं सूनबाई असते. बिचारीचा काय दोष. पण दिवसातून कितीदा मान वळावी? म्हणून मी जे सांगायचं नव्हतं ते सांगून बसलो.

"पळताना ती दिसत न्हाई मला. म्हनून पळतो."

मेव्हण्याचा चेहरा असा झाला की जणू मी त्याच्या कानाखाली मारली.

"माझी बहीन दिसू नये म्हनून पळता?"

तसंच होतं आणि तसं नव्हतं. मी पाणी प्यायलो.

पाहुणे टेम्पोनं परत गेले. मेव्हणा राहिला. जेवताना सूनबाईकडं मीठ मागितलं, मीठ माझ्यासमोर होतं.

सकाळी मी चपला घालून बाहेर आलो. ओट्यावरच्या खाटेवर तो जागाच.

"कुठं?"

"पळायला."

"बूट?"

"तुमच्या भाच्यानं माळ्यावर टाकले."

तो उठला. धोतर खोचलं, टायरच्या चपलांत पाय घातले. "चला. मी बी बगतो काय दिसतं अन् काय न्हाई."

मी पळत निघालो. हा मागून चालत, बडबडत. हे काय माणसाचं काम हाय का, शेतात सोयाबीन उघडी पडलीय, लोकं काय म्हनतील. घड्याळवाले बाजूनं जाताना त्याच्या धोतराकडं बघत होते, तो त्यांच्या चड्ड्यांकडं. मग बडबड थांबली आणि चपलांचा आवाज जवळ आला. बारकी, भरभर पावलं, टाच टेकली न टेकली असा आवाज. मला तो आवाज ओळखीचा वाटला, पण कुठला ते कळेपर्यंत तो माझ्या बाजूनं पुढं निघून गेला. चालत. मी पळत होतो आणि धोतरातला म्हातारा चालत पुढं गेला.

पाठमोरा बघितला आणि मला कळलं. मान थोडी पुढं, डावा हात असा वर धरलेला, जणू डोक्यावर पाटी आहे आणि ती सांभाळायची आहे. त्यानं जन्मात डोक्यावर पाटी घेतली नसेल. ते चालणं एका घरचं होतं.

रसवंतीच्या गाड्यापाशी तो थांबला. मागं न बघताच म्हणाला, "चला की दाजी. हवा गेली काय?"

मी रस्त्यात उभाच राहिलो. कुत्रं गाड्याखालून बाहेर आलं, माझ्याकडं बघून परत आत गेलं.

जवळ जाऊन विचारलं, "हे कुठून शिकलात?"

"काय?"

"हवा गेली काय."

"आमचा बाप म्हनायचा. त्याची सायकल होती न्हवं का."

जन्मभर मी समजत होतो की ते तिनं माझ्यासाठी काढलंय, जीपवाल्यासाठी. ते लग्नात भांड्यांबरोबर माहेराहून आलेलं निघालं.

मेव्हण्यानं माझ्या गळ्यातला टॉवेल ओढला, तोंड पुसलं, मान पुसली आणि मग नाकाला लावून बघितला. "धुत जा की कधी."

घरी आल्यावर त्यानं पोराला हाक मारली. "बूट काढ खाली. तुझ्या बापाला पळता येत न्हाई. निस्तं हलून राहिलाय जाग्यावर, त्याला पळनं म्हनतोय. ह्याला कुणी नाव ठेवनार न्हाई." आणि लोह्याच्या एसटीला निघून गेला. गावात त्यानं काय सांगितलं देव जाणे, पण बातमी जशी गेली तशीच विझली. काकूंना त्यातलं अजून काही माहीत नाही. कळलं तर, मला वाटतं, त्यांना राग येणार नाही.

आता थंडी आहे. नदीकडून धुकं येतं, पोपटी बूट तेवढे दिसतात. माघ जवळ आलाय. मेव्हणा आठवड्यातून एकदा तरी फोन करतो आणि पहिलं वाक्य तेच: "पळाले का दाजी, का रांगले?"

त्याला मी सांगितलेलं नाही की त्यानं माझं नुकसान करून ठेवलंय. तेव्हापासून पळताना ती दिसते. धुक्यात तर दिसतेच. पाठ दिसते, बारकी पावलं दिसतात, डावा हात वर. मी जोरात पळालो तर ती तेवढीच पुढं जाते.

पूर्वी थांबायची तरी.