मिठाचा खडा

ठाण्याच्या खाडीकाठी बंदुका दुरुस्त करणारा आणि विकणारा एक म्हातारा होता. निशाणबाजीसाठी पहिली रायफल घ्यायला मी गेलो, तेव्हा माझे लक्ष दुर्बीण बसवलेल्या रायफलीकडे होते. त्याने मात्र साधी, रिकामी रायफल हाती दिली आणि नळीवर मिठाचा खडा ठेवला.

"चाप ओढा, रावसाहेब. खडा जागेवर राहिला की दुर्बिणीची मिळेल."

महिनाभर खडा पडत राहिला. तो दुसरा ठेवी.

एकदा मी म्हटले, "तुम्हीच करून दाखवा." त्याने चाप ओढला. खडा पडला. आपल्या बोटांकडे जरा वेळ पाहून त्याने रायफल मला परत दिली.

त्या दिवशी माझा खडा राहिला. मी हळूच नळी कलती केली.

"मुद्दाम पाडू नका," तो म्हणाला, आणि दुर्बिणीची रायफल काढायला उठला.