खांद्यावरचा हात

दसऱ्याच्या आधी फुलबाजारात जाणं मी टाळते. आज तोरणासाठी जावंच लागलं. झेंडूच्या ढिगाशी वाकले, तो उग्र वास नाकात शिरला आणि भावही न विचारता मी परत फिरले.

मी सात वर्षांची असताना आई मला एका दवाखान्यात घेऊन गेली होती. मखमलाबादला माझ्या वडिलांचा फुलांचा मळा होता. ‘ही मुलगी माझी नाही, तिचा खर्च मी देणार नाही,’ असं ते कोर्टात म्हणाले होते, म्हणून तिघांचंही रक्त तपासायचं होतं. मला एवढंच कळलं होतं, की पप्पा भेटणार. मी हट्टाने वाढदिवसाचा फ्रॉक घातला होता.

रक्त घेतल्यावर ओळखीसाठी तिघांचा एकत्र फोटो हवा होता. समोरच्या स्टुडिओतून लग्नाचे फोटो काढणारा फोटोग्राफर आला. सवयीने म्हणाला, “दादा, इतके लांब काय उभे? सरका की जवळ. मुलीच्या खांद्यावर हात ठेवा.”

आई ताठ झाली. मग तो हात आला. जड, पिवळ्या बोटांचा, झेंडूच्या वासाचा. मी श्वास रोखून धरला. फ्लॅश पडला आणि खांदा हलका झाला.

रक्त जुळलं. कोर्टाने ठरवलेला खर्च येत राहिला, पप्पा कधीच आले नाहीत. आमच्या तिघांचा तेवढा एकच फोटो आहे, तो केसच्या कागदांत कुठेतरी पडला असेल. मी तो कधी पाहिलेला नाही.

दाराला अजून तोरण नाही. मी या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरतेय. आधी फ्लॅश पडला, की आधी त्यांनी हात काढला?