सुभद्राबाईंच्या गाडीचं ॲव्हरेज

हुलसूरच्या सुभद्राबाईंनी हायब्रीड गाडी नुसता रंग बघून घेतली, अशी आवई त्यांच्या दिरानं, तात्यारावांनी, उठवली. साफ खोटं! रिटायर झालेल्या या नर्सबाई दोन कंपन्यांच्या हायब्रीड गाड्या चालवून बघून आल्या होत्या. त्यातली दुसऱ्या कंपनीची महागडी गाडी तात्यारावांकडं होतीच. वहिनीची अक्कल चारचौघांत काढायची म्हणून त्यांनीच पंपावर गल्ली गोळा केली. दोघांनी टाक्या काठोकाठ भरल्या, बीदरला जाऊन आले अन् पुन्हा भरल्या. बाईंच्या गाडीत सहा लिटर गेलं, तात्यारावांच्या आठ.

गल्ली फिदीफिदी हसली. तात्याराव चवताळले, "पर सगळीकडं माझीच गाडी जास्त विकायलीय! तुला काय कळतंय?"

सुभद्राबाई म्हणाल्या, "एवढी मागणी हाय तर इकून टाका की, भावजी. गिऱ्हाइकाला ॲव्हरेज तेवढं सांगू नका."